मधल्या तीस वर्षांचा पगार

कलावंताला महिन्याचा पगार सुरू झाला की तो सुस्तावतो, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. म्हणणारे बहुतेक स्वतः पगारदार असतात, तो भाग सोडून देऊ. दुसरीकडे असंही म्हटलं जातं, की खरा कलावंत कुणाची चाकरी करत नाही. त्याला मोकळं सोडावं, फार तर म्हातारपणी शाल-श्रीफळ द्यावं. वरवर ही मतं एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण सरकारी तिजोरीला दोन्ही सारखीच सोयीची. दोन्हींचा अर्थ एकच निघतो: कलावंताच्या उमेदीच्या वर्षांत त्याच्यावर खर्च करायची गरज नाही.

माझं म्हणणं उलट आहे. सार्वजनिक पैसा संगीतावर खर्च करायचाच असेल, तर तो पुरस्कारांवर आणि महोत्सवांवर कमी आणि रोजच्या कामावर जास्त करायला हवा. त्यासाठी साक्षीदार म्हणून मी योझेफ हायडनला बोलावतो. अठराव्या शतकातल्या या ऑस्ट्रियन संगीतकाराने आयुष्याची मधली तीस वर्षं एकाच घराण्याच्या नोकरीत काढली. त्याच तीस वर्षांत त्याने सिम्फनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, आणि स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, या दोन प्रकारांना असं रूप दिलं की पुढच्या पिढ्यांना तिथूनच सुरुवात करावी लागली.

नोकरी कसली, तर जवळजवळ गड्याचीच. 1 मे 1761 रोजी एस्टरहाझी या गडगंज हंगेरियन सरदार घराण्याशी त्याने जो करार केला, तो आज वाचताना कानकोंडं व्हायला होतं. सरदारांसमोर येताना पांढरे मोजे आणि स्वच्छ पांढरा सदरा हवा, केसांना पावडर लावलेली हवी. दररोज सकाळी आणि दुपारी दिवाणखान्याबाहेर हजर राहून आज संगीताची आज्ञा आहे का, हे विचारायचं. वादकांची भांडणं मिटवायची, गायिकांना शिकवायचं, वाद्यांची निगा राखायची. मालक सांगेल ते लिहायचं आणि लिहिलेलं मालकाचंच. नक्कल बाहेर जाता कामा नये, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी एक ओळही लिहायची नाही. त्याला नोकरी सोडायची तर सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यायची. मालकाला मात्र केव्हाही काढता येणार. या सगळ्याचा मोबदला वर्षाला 400 गुल्डन, वर जेवणखाण.

हायडनला या अटींत फारसं वावगं वाटलं नसावं. तो कुठून आला होता ते पाहिलं म्हणजे हे कळतं. 31 मार्च 1732 रोजी रोराउ या सीमेवरच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. बाप गाड्यांची चाकं बनवणारा, आई लग्नाआधी गावच्या सरदाराकडे स्वयंपाकीण. पोराचा गळा गोड म्हणून सहाव्या वर्षाच्या आसपास त्याला हाइनबुर्गला एका नातेवाइकाकडे शिकायला धाडलं, आणि 1740 मध्ये तो व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या गायकमुलांत गेला. आवाज फुटला आणि सतराव्या-अठराव्या वर्षी पोरगा रस्त्यावर आला. पुढची काही वर्षं पोटमाळ्यावरची खोली, शिकवण्या, रस्त्यावरच्या वाद्यमेळात वाजवणं यांत गेली. निकोला पोर्पोरा या इटालियन गानगुरूच्या शिकवणीत तो साथीला बसे आणि त्याचे कपडे-बूटही साफ करी. मोबदल्यात रचनेतल्या चुका दुरुस्त करून मिळत. फिलिप इमानुएल बाखच्या सोनाटा आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक चाली जुळवण्याचं फुक्सचं प्रतिबिंदूशास्त्र त्याने स्वतःच्या बळावर घोटलं. मुक्त कलावंताचं जे आयुष्य आपण लांबून गोड मानतो, ते त्याने दहा वर्षं जगून पाहिलं होतं. त्या दहा वर्षांत रचना झाल्या, पण पुढच्या तीस वर्षांशी त्यांची तुलना होत नाही.

नोकरीत शिरल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं? त्याच वर्षी ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ अशा नावांच्या तीन सिम्फनी लिहिल्या. त्यांत जवळजवळ प्रत्येक वादकाला एकट्याने चमकायची जागा दिली. एरवी मागे उभं राहून बुडबुड करणाऱ्या डबल बासलाही. नव्या साहेबाने हाताखालच्या माणसांना पहिल्या महिन्यात जिंकून घ्यायचं याहून हुशार उदाहरण मला माहीत नाही. पण यात निव्वळ चातुर्य नव्हतं. पंधराएक वादकांचा हा संच रोज समोर होता. व्हायोलिनवाला लुइजी टोमासिनी काय करू शकतो, चेल्लोवाला योझेफ वाइगल कुठल्या पट्टीत खुलतो, हे त्याला कळत होतं. वाइगलसाठी त्या काळात लिहिलेला सी मेजरमधला चेल्लो कन्चेर्टो, म्हणजे एकटा चेल्लो आणि वाद्यवृंद यांची रचना, पुढे हरवला आणि थेट 1961 मध्ये प्रागच्या संग्रहात सापडला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक चेल्लोवादक तो शिकतो. एका पगारी माणसाने दुसऱ्या पगारी माणसाचा हात ओळखून लिहिलेली ती रचना आहे.

1762 मध्ये हायडनला नोकरीवर ठेवणारा पाउल आन्टोन एस्टरहाझी वारला आणि भाऊ निकोलाउस गादीवर आला. हौशी आणि हट्टी, पण कानाचा तयार. त्याने हायडनचा पगार 600 वर नेला. याला बॅरिटन नावाच्या वाद्याचं वेड होतं. गजाने वाजणाऱ्या तारा पुढे, आणि मानेच्या मागे आपल्या सारंगीसारख्या तरफा, त्याही नुसत्या घुमायच्या नाहीत तर अंगठ्याने छेडायच्या. 1765 मध्ये सरदारांनी हायडनला लेखी समज दिली की रचना अधिक नेटाने करा, विशेषतः आमच्या वाद्यासाठी. त्या सुमारास बुजुर्ग कापेलमाइस्टर, म्हणजे दरबारी संगीतप्रमुख, ग्रेगोर वेर्नरनेही या नव्या पोराच्या नावाने तक्रारअर्ज केला होता, की शिस्त नाही, वाद्यांकडे लक्ष नाही, सगळी हेळसांड चालली आहे. ऑफिसातलं राजकारण सगळीकडे एकाच सुरात वाजतं. हायडनने उत्तरादाखल दोन गोष्टी केल्या: आपल्या रचनांची पद्धतशीर यादी ठेवायला घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत मालकाच्या बॅरिटनसाठी सव्वाशेच्या घरात त्रिकुटं लिहून काढली. ती आज फारशी वाजत नाहीत. वाजायला हवीत असाही माझा आग्रह नाही. नोकरीत असं पाट्या टाकण्याचं काम निघतंच. प्रश्न एवढाच, की त्याच्या आडोशाने आणखी काय होतं.

एस्टरहाझात जे झालं त्याचं सर्वांत बोलकं वर्ष 1772. निकोलाउसने न्यूझीडलर सरोवराच्या दक्षिणेला, दलदलीच्या ओसाड भागात एस्टरहाझा नावाचा प्रचंड राजवाडा उठवला होता. आज ते गाव हंगेरीत फेर्टोड नावाने आहे. तिथे त्याने ऑपेरागृह बांधलं आणि मुक्काम वर्षागणिक लांबवत नेला. बहुतेक वादकांची बायकामुलं आयझेनश्टाटला, घराण्याच्या मूळ मुक्कामी. त्यांना एस्टरहाझाला आणायला मनाई. त्या शरदात मुक्काम संपता संपेना, तेव्हा हायडनने एफ-शार्प मायनरमध्ये सिम्फनी लिहिली, आज जिला पंचेचाळिसावी म्हणतात. शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवणं संपवून मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात. मालकाला इशारा कळला, दुसऱ्या दिवशी सगळे घरी निघाले. ही गोष्ट संगीताच्या प्रत्येक पुस्तकात असते आणि ती गोड आहेच. पण मला त्या वर्षातली दुसरी, कोरडी नोंद जास्त मोलाची वाटते. त्या काळी हॉर्नला चाव्या नसत. सूर बदलायचा तर नळीत जादा वळं बसवावं लागे. एफ-शार्पसारख्या, सिम्फनीत जवळपास कुणीच न वापरलेल्या सुरासाठी अर्ध्या स्वराचं वळं हवं होतं आणि ते बाजारात तयार मिळत नव्हतं. हायडनने ते खास बनवून घेतलं आणि बिल मालकाच्या खात्यात गेलं.

एखादा स्वतंत्र संगीतकार हे करू शकला असता का? त्याला आठवड्याभरात कुठल्या तरी भाड्याच्या सभागृहात, पहिल्यांदाच एकत्र आलेल्या वादकांकडून, एकाच तालमीत कार्यक्रम उभा करायचा असतो. तो ठरलेल्या सुरांतच लिहितो, वादकांच्या बोटांना सवय असेल तेच देतो. धोका पत्करायचा तर उद्या परत वाजवून बघायची सोय लागते. हायडनकडे ती होती, आणि तो हे नेमकं जाणत होता. म्हातारपणी त्याने ग्रीसिंगर या चरित्रकाराला जे सांगितलं त्याचा आशय असा: मालक माझ्या कामावर खूश होता, वाद्यवृंद माझ्या हाताखाली असल्याने मी प्रयोग करू शकत होतो, कशाने परिणाम साधतो, कशाने उणावतो हे पाहून जोडू, कापू, सुधारू शकत होतो, जगापासून तुटलेला होतो, मला गोंधळात टाकणारं जवळपास कुणी नव्हतं, म्हणून मला स्वतःचं काही घडवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या वाक्यांतल्या ‘जगापासून तुटलेला’ या शब्दांवर लोक जास्त भर देतात. एकांतात प्रतिभा फुलते वगैरे. मला भर दिसतो तो ‘पाहून कापू शकत होतो’ यावर. एकांत फुकट मिळतो. रोज सकाळी वाद्य जुळवून बसणारे पंधरावीस जण फुकट मिळत नाहीत.

त्याच 1772 मध्ये एक सिम्फनी अशी झाली जिच्या मिनुएटचा, म्हणजे नाचाच्या चालीवरच्या भागाचा, उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धच उलटीकडून वाजवलेला. दुसऱ्या एका सिम्फनीत, शेवटचा भाग ऐन रंगात असताना मागचा मिनुएट परत डोकावतो. दोन वर्षांनी एका नाटकासाठी केलेल्या संगीतात व्हायोलिनवादक अंतिम भाग चालू असतानाच थांबून तारा जुळवायला लागतात, जणू विसरलेच होते. आणि या सगळ्याबरोबर ओपस 20 (ओपस म्हणजे छापील रचनासंचाचा क्रमांक) ची सहा क्वार्टेट्स, तीही 1772 चीच. त्यांत चेल्लो हा नुसता तळाचा आधार राहत नाही, चारही वाद्यं बरोबरीने बोलू लागतात. याच काळातल्या पुष्कळ रचना गडद, अस्वस्थ, मायनर सुरांतल्या आहेत. ज्याला पुढे सगळ्यांनी ‘पापा हायडन’ म्हणत खुशालचेंडू आजोबा करून टाकलं, त्याच्या चाळिशीतला हा माणूस चांगलाच वादळी होता.

त्याच्या विनोदाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मुद्द्याचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. 1781 च्या ओपस 33 मधलं दुसरं क्वार्टेट घ्या. ही क्वार्टेट्स ‘अगदी नव्या, खास पद्धतीने’ लिहिली आहेत असं त्याने गिऱ्हाइकांना कळवलं होतं. काही जाहिरात, काही सत्य. शेवटच्या भागात अगदी साधी, उडती चाल येते. अखेरीस तीच चाल तुकडे करून वाजते, दोन तुकड्यांमध्ये शांतता. चाल पुरी झाली, लोक टाळ्यांसाठी हात उचलतात, मोठी शांतता पसरते. आणि मग अगदी हळू आवाजात चालीचा पहिला तुकडा पुन्हा. पुढचा तुकडा येईल म्हणून सगळे थांबतात. तो येत नाही. रचना तिथेच संपलेली असते, सुरुवातीच्या वाक्यावर. आपल्या मैफलीत तबलजी तिहाई घेतो तेव्हा श्रोत्याची मान समेवर पडायला आधीच निघालेली असते, आणि पक्का लयकार तिला हूल देतो. ती मजा तेव्हाच येते जेव्हा समोरच्याला सम कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं. हायडनची थट्टाही तशीच जाणत्या श्रोत्यावर टेकलेली आहे. एस्टरहाझात वर्षानुवर्षं तोच मालक, तेच पाहुणे, तेच वादक ऐकत होते. त्यांना काल काय झालं ते माहीत होतं, म्हणून आज ते मोडता येत होतं. रोज वाजवणारा संच आणि रोज ऐकणारा कान, पगारातून ही दोन्ही उभी राहिली.

आता हायडन त्या चाकरीत सुखी होता का? नव्हता, निदान शेवटी नव्हता. माझ्या बाजूला गैरसोयीची अशी ही साक्ष मी दडवणार नाही. 1780 च्या दशकात मालकाला ऑपेराचं व्यसन जडलं होतं. 1786 या एकाच वर्षात त्या आडरानातल्या रंगमंचावर शंभरावर प्रयोग झाले, बहुतेक दुसऱ्यांच्या ऑपेरांचे. तालमी हायडनने घ्यायच्या, गायिकांच्या गळ्याप्रमाणे पदं बदलून हायडनने द्यायची. फेब्रुवारी 1790 मध्ये व्हिएन्नातल्या मारियाना फॉन गेन्झिंगर या मैत्रिणीला तो लिहितो, की मी इथे माझ्या रानात पोरक्यासारखा बसलोय. तुमच्याकडच्या लुसलुशीत मांसाऐवजी पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्या गाईचा तुकडा चघळतोय. पुढच्या वर्षी लंडनहून तिलाच लिहितो, की थोडंसं स्वातंत्र्य किती गोड असतं. माझा मालक भला होता, पण कधीकधी हलक्या माणसांच्या मर्जीवर राहावं लागे. हे वाचून कुणी म्हणेल, झालं, तुमचाच साक्षीदार फुटला.

फुटला नाही. त्याची तक्रार कशाबद्दल आहे ते बघा. मालकी, कोंडून ठेवणं, वरच्या हुजऱ्यांची मर्जी, मित्रांपासून ताटातूट. पगाराबद्दल किंवा वाद्यवृंदाबद्दल एक अक्षर नाही. आणि जाचक कलमांपैकी सर्वांत मोठं, रचनांच्या मालकीचं, 1 जानेवारी 1779 च्या नव्या करारात गळालं होतं. तोवर पॅरिस, ॲमस्टरडॅम, लंडनचे प्रकाशक त्याच्या रचना बिनदिक्कत छापत होते, इतकंच काय, दुसऱ्यांच्या रचना त्याच्या नावावर खपवत होते. नवा करार झाल्यावर त्याने व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाशी संधान बांधलं, आणि एकच रचना दोन देशांतल्या दोन प्रकाशकांना ‘फक्त तुम्हालाच’ म्हणून विकण्याची कलाही आत्मसात केली. भाबडा आजोबा तो नव्हताच. पॅरिसच्या एका मोठ्या संगीतमंडळाने सहा सिम्फनी मागवल्या, स्पेनच्या काडिझहून चर्चसाठी ‘ख्रिस्ताची अखेरची सात वचनं’ मागवली गेली. हे सगळं त्याने पगारी नोकरीत असतानाच पुरं केलं. पगार चालू असतानाही बाहेरचं स्वातंत्र्य वाढवता येतं, याचा हा सरळ पुरावा.

लंडनच्या यशाकडेही जरा नीट बघितलं पाहिजे. सप्टेंबर 1790 मध्ये निकोलाउस वारला. वारस आन्टोनला संगीतात रस नव्हता. त्याने वाद्यवृंद बरखास्त केला. हायडनला निवृत्तिवेतन लागू झालं, तेही चांगलं. व्हिएन्नात आला तर लंडनचा आयोजक सालोमन दारात उभा. 1791-92 आणि 1794-95 अशा दोन दौऱ्यांत हायडनने बारा सिम्फनी दिल्या, ऑक्सफर्डने डॉक्टरेट दिली, आणि मे 1795 मधल्या एकाच स्वतःच्या कार्यक्रमातून त्याला 4000 गुल्डन मिळाले. हे फक्त इंग्लंडमध्येच शक्य, अशी नोंद त्याने करून ठेवली. म्हणजे बाजारच शेवटी कलावंताला न्याय देतो? पण तो बाजारात उतरला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. खिशात निवृत्तिवेतन होतं आणि डोक्यात तीस वर्षांच्या तालमी. लंडनमध्येही त्याच्यासमोर वर्गणीदारांच्या आठवड्याच्या आठवड्याला होणाऱ्या मैफली होत्या, तोच वाद्यवृंद आणि बराचसा तोच श्रोता. चौऱ्याण्णवाव्या सिम्फनीत हळुवार चाल चालू असताना एकदम सगळा वाद्यवृंद दणका देतो. ज्या हातांना अशी हूल कधी द्यायची हे एस्टरहाझात कळलं होतं, त्यांनीच तो दणका लिहिला.

मोझार्टचं नाव इथे हटकून पुढे केलं जातं. साल्झबुर्गच्या आर्चबिशपची चाकरी 1781 मध्ये त्याने झुगारली, व्हिएन्नात स्वतंत्र राहिला, म्हणून तो मोठा. तो मोठा होताच, यात वाद नाही. हायडन स्वतः त्याच्या बापाला तसं सांगून आला होता. पण मोझार्टच्या स्वातंत्र्यावर हायडनची प्रतिक्रिया काय होती? डिसेंबर 1787 मध्ये प्रागच्या एका ओळखीच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात त्याने संताप व्यक्त केलाय, की या अतुलनीय मोझार्टला अजून कुठल्याही बादशाही वा राजदरबारी जागा कशी नाही! त्याच महिन्यात मोझार्टला सम्राटाकडे 800 गुल्डनचं छोटं पद मिळालं, तरी शेवटची वर्षं उधार-उसनवारीतच गेली. बेथोव्हेनलाही 1809 पासून तीन सरदारांनी मिळून वर्षाला 4000 फ्लोरिन द्यायचं कबूल केलं होतं. दोन वर्षांत चलन घसरलं, त्यातला एक सरदार 1812 मध्ये घोड्यावरून पडून मेला, आणि बेथोव्हेनला वसुलीसाठी झगडावं लागलं. मुक्त कलावंताच्या दंतकथेची ही खातेवही कुणी उघडून दाखवत नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. एस्टरहाझींचा पैसा आला कुठून? वेठीला धरलेल्या कुळांच्या घामातून. हंगेरीतली ती व्यवस्था मोडायला 1848 उजाडावं लागलं. त्या पैशावर बांधलेल्या दिव्यांच्या झगमगाटात झालेल्या संगीताचं कौतुक करताना हे विसरायचं नाही. पण आज सरकारी पैसा म्हणजे आपल्या सगळ्यांचा कर. मग दार बंद करून एका माणसाने ऐकायची गरजच नाही.

महाराष्ट्राला या व्यवस्थेची ओळख करून द्यायला नको. बडोद्यात सयाजीरावांनी कलावंतांचं स्वतंत्र खातंच ठेवलं होतं, मौलाबक्षांकडून 1886 मध्ये संगीतशाळा सुरू करवली, पुढे फैयाझ खाँ तिथे दरबार गायक झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँ होते. जयपूर-अत्रौलीची ती पेचदार गायकी महाराष्ट्रात इतकी खोल रुजली, ती त्या आश्रयाच्या वर्षांत. 1922 मध्ये महाराज गेले, आणि खाँसाहेब मुंबईला आले. संस्थान नसलेल्यांनी नाटक कंपनीचा आधार घेतला. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते, ते काही एका प्रयोगाच्या पाकिटावर नव्हेत. प्रभातमध्ये केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव होते, स्टुडिओचा वाद्यमेळ होता. आकाशवाणीच्या केंद्रांवर पगारी वादक रोज बसत. ती पदं आता फार थोडी उरली आहेत. राजा, कंपनी, स्टुडिओ, रेडिओ ही साखळी एकेक कडी करत तुटली. तिच्या जागी जे आलं ते म्हणजे एका टोकाला स्पर्धा आणि शिष्यवृत्त्या, दुसऱ्या टोकाला पुरस्कार आणि ज्येष्ठ कलावंतांचं मानधन. मधली तीस वर्षं कुणाचीच नाहीत. एकोणतिसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्यापर्यंत, म्हणजे नेमकी हायडन एस्टरहाझींकडे होता ती.

कुणी म्हणेल, आपलं संगीत एकट्या गायकाचं, त्याला वाद्यवृंद कशाला. पण गायक कधी एकटा बसतो? तबलजी आणि पेटीवाला प्रत्येक गावात नवा, मैफलीआधी दहा मिनिटं ओळख, आणि मग दोन तास एकमेकांना सांभाळून घेणं. सांभाळून घेण्यातच सगळी शक्ती जाते. धोका कोण पत्करणार? ठेक्याचा गायकीशी वर्षानुवर्षांचा सहवास झाला की काय होतं, हे जुन्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येतंच. शिवाय आज नव्या मराठी रचना, नाट्यसंगीत, वाद्यमेळाची संगीतं करू पाहणारे तरुण आहेत, गोव्यातल्या चर्चशाळांच्या परंपरेतून आलेले नोटेशन वाचणारे वादक आहेत. त्यांना चाल सुचते, पण ती दहा वाद्यांवर ऐकून बघायची तर संगणकातल्या नकली व्हायोलिनवर ऐकावी लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महापालिकांची नाट्यगृहं शहरोशहरी उभी आहेत आणि दिवसा बहुतेक रिकामी असतात. त्यांतल्या मोठ्या नाट्यगृहांत प्रत्येकी एक, पंधरा जणांचा कायमचा पगारी संच ठेवावा. 1761 मध्ये हायडनकडे साधारण एवढेच होते. एक रचनाकार, तीन वर्षांचा करार, नूतनीकरणासह. आठवड्यातून एकदा खुली मैफल, अल्प वर्गणीत, त्याच श्रोत्यांसाठी. उरलेले दिवस तालीम. एखाद्या महोत्सवाच्या मंडप, पडदे, पाहुण्यांच्या हॉटेलांचा खर्च त्या बाजूला मांडून बघावा. रचनेची मालकी रचनाकाराकडे. आणि काढून टाकण्याचं कलम उलटं करावं: कलावंताला केव्हाही जाता यावं, संस्थेला मात्र सहा महिन्यांची सूचना बंधनकारक असावी.

वशिलेबाजी होईल? थोडी होईल. ती पुरस्कार समित्यांत होत नाही असं कुणी छातीठोक सांगावं. फरक असा, की पुरस्कार एका संध्याकाळी देऊन मोकळं होता येतं. दर आठवड्याला त्याच लोकांपुढे वाजवणाऱ्या माणसाचा वशिला फार तर दोन महिने टिकतो. सुस्त झालेल्या पगारी कापेलमाइस्टरांनी अठराव्या शतकातली अनेक दरबारं भरलेली होती, हेही मान्य. त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, आणि त्यांच्यावर झालेला खर्च त्या एका हायडनच्या मानाने स्वस्तच पडला. दहा संच काढले आणि आठ सामान्य निघाले, तरी त्या आठ गावांत आठवड्याला एक जिवंत मैफल होत राहील आणि तिथल्या दोनशे-तीनशे माणसांचे कान तयार होतील.

उरतो तो 1790 चा धोका, आणि तो खरा मोठा आहे. निकोलाउसने अठ्ठावीस वर्षांत उभं केलेलं आन्टोनने सहीच्या एका फटकाऱ्यात मोडलं. सरकार बदललं, आयुक्त बदलला, की आपल्याकडेही नेमकं हेच होईल. त्यामुळे हे पैसे दरवर्षीच्या अर्थसंकल्पातल्या ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या लवचिक शीर्षाखाली ठेवायचे नाहीत. एकदाच मोठी ठेव बाजूला काढावी, तिच्या व्याजावर संच चालावा, आणि ठेवीला हात लावायला महापालिका सभेत दोन तृतीयांश मतं लागावीत.